धाराशिवच्या बायकांचे देणे



आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एक मोठे काम सुरू झाले. आपल्याकडे त्याची वार्ता फारशी आली नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, आपल्या बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो होण्याआधीच कसा पकडायचा, याचा तो अभ्यास होता. त्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका होत्या. कोरडवाहू शेतीवर, मजुरीवर जगणाऱ्या. त्यांच्यात अशी तपासणी आधी कधी झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आज मला त्या बायकांबद्दल बोलायचे आहे, आणि आपल्या आमगावबद्दल. या रोगापासून बाईला कसे वाचवायचे हे जगाला शिकवण्यात महाराष्ट्रातल्या गावखेड्यांचा वाटा फार मोठा आहे. ज्यांच्या शरीरावरून ते शिकलो, त्यांच्यासारख्याच बायकांपर्यंत मात्र ते पोचलेले नाही. मी याला थकलेले देणे म्हणते, आणि देणे म्हटले की ते कोणी, केव्हा आणि कसे फेडायचे हेही बोलावे लागते.

आधी रोग समजून घेऊ. गर्भाशय म्हणजे पिशवी, आणि तिचे जे तोंड योनिमार्गात उतरते त्या तोंडावर हा कॅन्सर होतो. त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. कॅन्सरच्या बाबतीत हे भाग्य फार थोड्या वेळा लाभते. ते कारण म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या रोगाच्या गाठींत त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले, आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि तो इतका सर्रास आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेला असतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडतो. मग त्या जागेच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात.

दहा ते वीस वर्षे. हा सगळा काळ बाईला काहीही होत नसते. दुखत नाही, रक्त जात नाही, पांढरे जास्त जात नाही. ती रोवणीला वाकते, तेंदूपत्ता तोडते, लेकरांची लग्ने करते. आणि याच काळात तो बिघाड सापडला तर भूल न देता, काही मिनिटांत तो भाग जाळून किंवा गोठवून टाकता येतो, आणि ती बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, वास मारणारे पाणी जाणे, ही लक्षणे दिसू लागतात तोवर बहुतेक वेळा ही संधी हातची गेलेली असते. म्हणून या रोगात तक्रार असलेल्या बाईवर उपचार करणे पुरत नाही. तक्रार नसलेल्या बाईला बोलवावे लागते. सरकारी असो वा खाजगी, आपली सगळी आरोग्यव्यवस्था तक्रार घेऊन येणाऱ्या माणसासाठी उभी आहे. अडचण तिथून सुरू होते.

आता बार्शीकडे येते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तालुक्याच्या गावी उभे केले. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. शहरात अशी नोंदवही ठेवणे त्या मानाने सोपे असते, कारण रुग्ण इस्पितळात येतो आणि कागद तयार होतो. खेड्यात कितीतरी रुग्ण इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे बार्शीच्या माणसांनी उलट रस्ता धरला. ती बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव गेली, लोकांना जमवून कॅन्सरची लक्षणे सांगू लागली, कोणाला काय होते आहे ते विचारू लागली. काम होते नोंदीचे. पण काही वर्षांत दिसून आले की त्या भागातल्या बायका आता रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे आकडेवारीनिशी प्रसिद्ध केले. एकही नवे यंत्र नाही, फक्त कोणीतरी गावात येऊन बसते, नीट बोलते, पुन्हा येते. त्याने एवढे घडले. हा निष्कर्ष मला पुढच्या मोठ्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो, आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो.

१९९९ चा अभ्यास याच पायावर उभा राहिला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. आर. शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हीआयए. चौथ्या गटाला नेहमीची सेवा, म्हणजे माहिती मिळाली, तपासणी नाही.

व्हीआयए म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या उपकेंद्रांत हीच तपासणी होणे अपेक्षित आहे. बाई पाठीवर झोपते. सिस्टर योनिमार्गात स्पेक्युलम घालून पिशवीचे तोंड समोर आणते आणि त्यावर दिवा धरते. मग तीन ते पाच टक्क्यांच्या ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे साध्या व्हिनेगरमध्ये, भिजवलेला बोळा तिथे लावते आणि एक मिनिट थांबते. बिघडलेल्या पेशींत प्रथिने दाट असतात. तव्यावर पडताच अंड्यातला पारदर्शक बलक जसा पांढरा होतो, तसा तो भाग पांढरा दिसू लागतो. स्पष्ट कडेचा पांढरा डाग दिसला तर तपासणी पॉझिटिव्ह. खर्च नगण्य, निकाल तिथल्या तिथे. पण सगळी भिस्त त्या एका मिनिटात पाहणाऱ्या डोळ्यावर. डोळा सरावाचा हवा, दिवा चांगला हवा. शिवाय पाळी गेल्यावर जिथे बिघाड सुरू होतो ती जागा आत सरकते, त्यामुळे पन्नाशीपुढे व्हीआयएवर विसंबता येत नाही.

पॅप स्मिअरमध्ये पेशी खरवडून काचेवर घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकातून पाहतो. श्रीमंत देशांनी पन्नास वर्षे हीच चाचणी वापरून हा रोग मागे हटवला, पण त्यासाठी प्रयोगशाळांची, तज्ज्ञांची आणि दर काही वर्षांनी पुन्हा बोलावण्याची यंत्रणा लागते. एचपीव्ही चाचणीत मऊ ब्रशने नमुना घ्यायचा आणि यंत्राने त्यात विषाणूचे डीएनए शोधायचे. इथे पाहणाऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न नाही.

या अभ्यासाचा निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, जिथे काहीच तपासणी झाली नाही त्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ गेल्या. पुढच्या अवस्थेतला रोग तपासणी न झालेल्या गटात ८२ जणींना सापडला, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ जणींना. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही. चाचणीचा निकाल चांगला आलेल्या बायकांपैकी पुढे किती जणींना कॅन्सर झाला हेही पाहिले गेले. एचपीव्ही नसलेल्या बायकांत हे प्रमाण वर्षाला लाखात ३.७ होते, व्हीआयए चांगली आलेल्यांत १६. बाईला ‘तुला काही नाही’ असे सांगून घरी पाठवायचे असेल, तर ते कोणत्या चाचणीच्या भरवशावर सांगावे, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणखी एक गोष्ट. बोलावलेल्या बायकांपैकी जवळपास ऐंशी टक्के आल्या. खेड्यातल्या बायका अशा तपासणीला येत नाहीत, लाजतात, असे आपण सहज म्हणतो. धाराशिवच्या बायका आल्या, कारण त्यांना घरी जाऊन, समजावून, गावाजवळ बोलावले होते.

आता त्या चौथ्या गटाबद्दल. त्या ६४ बायकांच्या मृत्यूबद्दल नंतर बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. संशोधकांचे म्हणणे होते की देशात तेव्हा कुठेच अशी तपासणी होत नव्हती, म्हणून तपासणी न होणे हीच ‘नेहमीची सेवा’. टीकाकारांनी विचारले की पॅपने जीव वाचतात हे जगाला दशकांपासून माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे कितपत योग्य? मी वैद्यकीय व्यवसायातली आहे आणि या अभ्यासाचे मोल जाणते. तरी मला टीकाकारांचा प्रश्न खोडून काढता येत नाही. एक नक्की म्हणता येते. ज्या ज्ञानासाठी ही किंमत पडली ते ज्ञान वापरले नाही, तर त्या किमतीचे कसलेही समर्थन उरत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून टाटा मेमोरियलचा असाच अभ्यास चालू होता. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना, ज्या डॉक्टर नव्हत्या आणि नर्सही नव्हत्या, व्हीआयए करायला शिकवले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे व्हीआयए निरुपयोगी नाही. प्रशिक्षण कसून झाले, देखरेख राहिली आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या झाल्या तर तीही जीव वाचवते. एखाद्या शिबिरात घाईघाईने उरकलेली व्हीआयए मात्र कोणालाच वाचवत नाही.

मग पुढे काय झाले? २०१६ साली केंद्र सरकारने तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधण्यासाठी ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची तपासणी करण्याचा आराखडा काढला. गर्भाशयमुखासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए ठरले. २०१९ ते २१ मध्ये पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले तेव्हा ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. ग्रामीण भागात १.७. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची तपासणी व्हावी असे ठरवले आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात १,२७,५२६ बायकांना हा कॅन्सर झाला आणि ७९,९०६ गेल्या. दिवसाला दोनशेहून जास्त.

हे का होते, ते आपल्या भागातूनच सांगते. आपल्या शेजारी गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासून घेतलेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. झाडीपट्टीतली बाई अंगावर काढते हे आपण सारे जाणतो. त्या अभ्यासाने ते किती अंगावर काढते हे मोजून दाखवले.

आता आपल्या आशाताईंच्या हातातला सी-बॅक फॉर्म पाहा. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तो भरायचा असतो. त्यात बीडी, खर्रा, दारू, कमरेचा घेर यांच्या जोडीला बायकांसाठी प्रश्न आहेत: दोन पाळ्यांमध्ये रक्त जाते का, पाळी गेल्यावर रक्त जाते का, संबंधानंतर रक्त जाते का, वास येणारे पाणी जाते का. प्रश्न अगदी योग्य आहेत. पण ते विचारले जातात कुठे? दुपारी घरी गेलेल्या आशाताईला छपरीत बसवतात. बाजूला बाजेवर सासरे असतात, दारात शेजारीण असते. अशा जागी कोणती बाई सांगणार की संबंधानंतर रक्त जाते? आशाताईही त्याच गावची सून आहे, तिलाही ते मोठ्याने विचारवत नाही. ‘नाही’वर खूण होते आणि फॉर्म पूर्ण होतो. रक्तदाब छपरीत मोजता येतो, साखर तपासता येते, तोंड उघडून पाहता येते. पिशवीचे तोंड छपरीत पाहता येत नाही. म्हणून तीन कॅन्सरपैकी हाच मागे पडतो. यात दोष आशाताईंचा नाही. दार लावलेली एक खोली आणि पंधरा मिनिटे एवढेच तिला मिळाले पाहिजे, आणि ते मिळवून देणे गावाचे काम आहे.

उपकेंद्रात घडलेला एक प्रसंग सांगते. तपासणीचा दिवस होता. पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई सुनेला घेऊन आली होती. सुनेची तपासणी झाली. सासूला म्हटले, आता तुम्ही या. ती हसली. म्हणाली, “मले काई होत नाई जी, मंग कायले तपासाचा?” आणि लगेच हळू आवाजात पुढचे, “अन् काई निंगालं तं?” पहिल्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे आहे, ते मी मघाशी दिले. दुसऱ्या प्रश्नाला नुसत्या बोलण्याने उत्तर देता येत नाही. काही निघाले तर काय? कोण नेणार, कुठे नेणार, किती दिवस, घरी कोण राहील, पैसे कोण देईल? तपासणी करणाऱ्यांकडे याचे उत्तर तयार नसेल तर तिने नकार देणे हा शहाणपणाच आहे.

तिच्या मनात आणखी एक भीती असते, जी ती बोलून दाखवत नाही. विषाणू संबंधातून येतो असे कळले की बाईच्या चारित्र्याकडे बोट जाते. मी इथे पुरुषांसमोर मुद्दाम सांगते. एचपीव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली याचा अर्थ बाई वाईट वागली असा होत नाही, आणि नवरा वाईट वागला असाही होत नाही. विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो. तो कधी, कोणाकडून आला हे जगातली कोणतीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. धाराशिवात तपासलेल्या शंभर बायकांमागे दहाजणींत तो सापडला होता. त्या दहांपैकी बहुतेकींना कॅन्सर नव्हता आणि पुढेही झाला नाही. ज्या घरात या निकालावरून भांडण होईल, त्या घरातली दुसरी बाई कधी तपासणीला येणार नाही. आणि तिची शेजारीणही नाही.

वेळेवर सापडले नाही तर काय होते, तेही आपल्या भूगोलातून बघा. रोग पुढे गेला की शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी द्यावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना त्यासाठी नागपूर गाठावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. आमगावहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि आमगाव तरी हावडा-मुंबई मार्गावर आहे. दरेकसाच्या जंगलातल्या किंवा देवरीच्या पलीकडच्या पाड्यातल्या बाईला आधी गाडीपर्यंत पोचायचे असते. किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे रोज चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो. राहण्याचा, खाण्याचा, सोबत गेलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च निघत नाही. त्यात रोवणीचा हंगाम आला की बाई मध्येच उठून घरी येते. अर्धवट सोडलेले किरणोपचार म्हणजे वाया गेलेले किरणोपचार. अशा बायका परत आलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा हाती फक्त वेदना कमी करण्याचे काम उरते, आणि तेही आपल्याकडे नीट होत नाही.

तपासणी नाही, पण भीती मात्र भरपूर आहे. या भीतीचा धंदाही होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण तुम्ही वाचले असेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा तेरा हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ असे सांगितले की ती पिशवी काढायला तयार होते, कर्ज काढून तयार होते. दहा मिनिटांची तपासणी जवळ असती तर यांतल्या कितीतरी जणींना सांगता आले असते की बाई, तुला औषधाच्या गोळ्यांची गरज आहे, ऑपरेशनची नाही. तुमच्यापैकी कोणाला नुसत्या पांढरे जाण्यावरून पिशवी काढायला सांगितले, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

लसीबद्दल थोडक्यात. एचपीव्हीची लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायची असते, संसार सुरू होण्याच्या खूप आधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२२ साली मंजूर झाली. आणि इथेही बार्शी आहेच. २००९ मध्ये देशात अनेक केंद्रांवर मुलींना लसीचे दोन की तीन डोस द्यावेत याचा अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शीचे केंद्र होते. आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळेच लसीकरण थांबवले. ते मृत्यू लसीमुळे नव्हते हे नंतर स्पष्ट झाले. पण त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी कळले की १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही सुमारे ९५ टक्के टळतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे मान्य केले, त्यामागे या मुली आहेत. तेव्हा मुलींना लस द्याच. पण आज तिशी ओलांडलेल्या बाईला या लसीचा फारसा उपयोग नाही. तिच्यासाठी तपासणीच आहे.

आता आमगावचे. मी आरोग्य खात्याच्या वतीने बोलत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगते.

पहिली गोष्ट यंत्राची. क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीसाठी ट्रूनॅट नावाचे यंत्र ग्रामीण रुग्णालयांपर्यंत गेले आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ते यंत्र, आणि त्याच यंत्रावर एचपीव्हीची चाचणी करता येते, चिप तेवढी वेगळी लागते. म्हणजे धाराशिवला जी चाचणी मोठ्या प्रयोगशाळेत करावी लागली ती आता तालुक्याला होऊ शकते. नमुना बाई स्वतः पडद्याआड जाऊन ब्रशने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने याला मान्यता दिली आहे. स्पेक्युलमची भीती नाही, झोपणे नाही, कोणी पाहणे नाही. पाळी गेलेल्या बाईचीही चाचणी होते. चिपांचा पुरवठा हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो जिल्हा नियोजनात मांडावा लागेल. इथे बसलेल्या लोकप्रतिनिधींनी तो मांडावा, अशी माझी मागणी आहे. ती पूर्ण होईपर्यंत व्हीआयए चालू राहू द्या, पण करणाऱ्या सिस्टरला दर वर्षी पुन्हा प्रशिक्षण द्या.

दुसरी गोष्ट हंगामाची. तपासणीचे दिवस वरून येणाऱ्या परिपत्रकावर ठरतात आणि नेमके रोवणीत किंवा तेंदूपत्त्यात येतात. आपल्याकडे धान घरात आल्यावर, मंडया संपल्यावर, उन्हाळी धानाच्या रोवणीआधी काही मोकळे आठवडे मिळतात. त्याच दिवसांत गावोगाव तपासणी ठेवली तर बायका येतील.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वही. बार्शीचे सगळे यश वहीत होते. गावातल्या ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईचे नाव, तिची तपासणी कधी झाली, निकाल काय, पुढे तिला कुठे पाठवले आणि ती तिथे पोचली का. शेवटचा रकाना आपल्याकडे कोरा राहतो. शिबिरात किती जणी तपासल्या हा आकडा वर जातो. पॉझिटिव्ह आलेली बाई गोंदियाला पोचली की नाही हे कोणी विचारत नाही. डाग जाळायचे थर्मल अब्लेशनचे हातात मावणारे यंत्र बॅटरीवर चालते, त्याला मिनिटभरही पुरते. ते आमगावच्या ग्रामीण रुग्णालयात आले तर बहुतेकींना गोंदियाला जावेच लागणार नाही. ज्यांना जावे लागेल त्यांच्यासोबत एक माणूस आणि भाडे हवे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो पुष्कळदा शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर जातो. त्यातून वर्षाला पाच-सहा बायकांचे नागपूरचे भाडे आणि राहण्याचा खर्च सहज निघेल. असा ठराव करायला ग्रामसभेला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या बहिणींना या कॅन्सरचा धोका सहापट असतो. त्यांनी तिशीची वाट पाहू नये, पंचविशीपासूनच तपासून घ्यावे, आणि एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांनी त्यांना तसे सांगावे.

प्रश्नोत्तरे आता होतील. काही प्रश्न असे असतात की बायकांना ते या मांडवात, माईकवर विचारता येणार नाहीत. त्यासाठी मंचामागची वर्गखोली संयोजकांनी तासभर मोकळी ठेवली आहे. तिथे फक्त बायका असतील, मी असेन, तालुक्यातल्या काही आशाताई असतील आणि स्पेक्युलम, ब्रश, दिवा असे सगळे सामान टेबलावर मांडलेले असेल. हातात घेऊन बघा. आशाताई वही घेऊन बसल्या आहेत. ज्यांना तपासणी करून घ्यायची आहे त्यांनी आपले नाव, गाव आणि कोणता महिना सोयीचा तो सांगावा. पुरुषांनी मांडवातच थांबावे. ठराव कसा करायचा ते तोवर सरपंचांशी बोलून घ्या.